पूर्व पोलीस उपनिरीक्षक

आमच्या गावच्या चौकात मी जवळजवळ वर्षभर पोलीस उपनिरीक्षक होते. ड्युटी सोपी होती. दोन बांबूंच्या मध्ये उभं राहायचं आणि चाचांच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांवर सावली धरायची. पगार नव्हता, पण मान होता. अंगावर वर्दी होती, डोक्यावर टोपी होती आणि खांदे असे रुंद की गावातल्या पैलवानांनी वळून बघावं. खांदे अर्थात माझे नव्हते. परतूरच्या फ्लेक्सवाल्याकडे वर्दीतल्या बाईचा फोटो नव्हता, बाप्याचा होता. त्यानं त्या बाप्याचं मुंडकं उडवलं आणि तिथं माझं बसवलं. माझी वेणी त्या कॉलरमागे जी गेली ती कुणाला पुन्हा दिसली नाही.

हे सगळं कशासाठी, तर मी पूर्व परीक्षा पास झाले म्हणून. ज्यांना या परीक्षांचा नाद लागलेला नाही अशा सुखी माणसांसाठी सांगते: आधी पूर्व परीक्षा, मग मुख्य, मग मैदानावर पळणं आणि उड्या मारणं, मग मुलाखत, आणि या सगळ्यातून जिवंत राहिलात तर वर्दी. पूर्व म्हणजे नुसतं अंगणात पाऊल. पण आमच्या काकांना एवढा दम नव्हता. काका म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, धाकटे भाऊ. त्यांना ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं आणि उभं राहायच्या आधी चौकात फोटो लागावा लागतो, असा आमच्याकडचा नियम आहे. पुतणीचं यश त्यांना अगदी वेळेवर सापडलं.

मी कागदावर नीट लिहून दिलं होतं, ‘पोलीस उपनिरीक्षक पूर्व परीक्षा उत्तीर्ण.’ पण फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे फोटो लागतात. काकांचे मित्र, मित्रांचे मित्र, शिवाय ज्यांचा फोटो घेतला नाही तर पुढं मतं देणार नाहीत असे. खाली सगळ्यांची डोकी आणि उजव्या अंगाला स्वतः काका, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल. हे सगळं बसवता बसवता शब्दांसाठी जी जागा उरली तिच्यात वरच्या ओळीला ‘पोलीस उपनिरीक्षक’ आणि खालच्या ओळीला ‘परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ एवढंच मावलं. ‘पूर्व’ बसला नाही.

‘‘काका, पूर्व कुठंय?’’ मी विचारलं.

‘‘अगं, एका शब्दानं काय फरक पडतो? पास म्हंजे पास. बिलकुल टेन्शन घेऊ नको.’’

मी टेन्शन घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ती फ्लेक्सवरची मी आवडायलाही लागली होती. गाव मला ‘मॅडम’ म्हणायला लागलं. जी माणसं मला लहानपणापासून ‘ए पोरी’ म्हणत आली, ती रस्त्यात भेटली की छाती पुढं काढून उभी राहायची. एकानं तर त्याच्या बांधाच्या भांडणात लक्ष घालायला सांगितलं.

आता पळण्याचं सांगते, कारण माझा जीव त्यात अडकला होता. लहान असताना मी गावभर पळत असे. कामाला धाडलं तरी पळत जायचे आणि पळत यायचे. मग एक दिवस आईनं सांगितलं की आता मोठी झालीस, चालत जात जा. तेव्हापासून मी चालत होते. आमच्या गावात बाईमाणसानं पळावं अशी कारणं मोजकीच. बस सुटत असली, शेतात आग लागली किंवा जनावर सुटलं, तर पळता येतं. बाकी वेळी पळणारी बाई दिसली की लोक आधी तिच्यामागं कोण लागलंय ते बघतात.

भरतीच्या तयारीनं हे सगळं एका फटक्यात बदललं. पहाटे उठून ट्रॅक पँट घालून मी परतूरच्या रस्त्यानं पळायला लागले. दोन्ही बाजूला कापूस, मध्ये मी. पहिल्या आठवड्यात बायकांनी आईला गाठलं, की हे काय सुरू केलंय तुमच्या पोरीनं. आई फक्त म्हणाली, ‘‘भरतीचं हाय तिचं.’’ विषय संपला. आमच्याकडं भरती या शब्दासमोर कुणाचं काही चालत नाही. भरतीसाठी पोरगी पँट घालू शकते, ओढणी घरी ठेवू शकते, रस्त्यावर घाम पुसू शकते, गडीमाणसासमोर धापा टाकू शकते. देवाच्या नावानंही एवढी सूट मिळत नाही.

आणि मला पळण्याचं वेड लागलं. नाल्याचा पूल ओलांडला की पायांना आपोआप लय सापडायची, छातीतली सगळी जळमटं निघून जायची, आणि परत फिरायचं नाव नको वाटायचं. मला पोलीस व्हायचं होतं की मला नुसतं पळायचं होतं, हे त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही.

मग मुख्य परीक्षेचा निकाल लागला आणि त्यात मी नव्हते. वयाची अटही त्याच वर्षी संपत होती, म्हणजे पुढचा चान्स नव्हता. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घासली ते एका सकाळी मोबाईलवर बोट फिरवता फिरवता संपलं.

गाव भेटायला आलं. मयताला येतात तसंच आलं, फक्त टॉवेल डोक्याला गुंडाळलेले नव्हते. बाया ओसरीवर बसल्या, आईकडं बघून मान हलवली, ‘चहा नको बाई, अशा वेळी कसा घशाखाली उतरंल’ म्हणाल्या आणि दोन-दोन कप प्यायल्या. प्रत्येकीच्या नात्यात माझ्यासारखं नापास झालेलं कुणीतरी होतं, आणि ते आता फार सुखात होतं. एकीचा भाचा विमा विकत होता. एकीची नणंद ब्युटी पार्लरमध्ये रमली होती. मी मधल्या घरात भिंतीकडं तोंड करून हे सगळं ऐकत होते आणि त्या नणंदेचा मला फार राग येत होता.

छत्रपती संभाजीनगरला एक मावसभाऊ आहे. तो रोज सकाळी मला एक व्हिडिओ पाठवायचा. त्यात कोट घातलेला एक माणूस रिकाम्या स्टेजवर येरझाऱ्या घालत सांगायचा, की गरुड म्हातारा झाला की डोंगरावर जाऊन स्वतःची चोच दगडावर आपटून तोडतो आणि मग त्याला नवी चोच फुटते. मी ते तीन-चारदा पाहिलं. गरुडाचं ठीक आहे, त्याच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागलेला नसतो.

विनोद आता सुचतात. तेव्हा मला उठावंसं वाटत नव्हतं. केस विंचरायचे कशाला, जेवायचं कशाला, दार उघडायचं कशाला, प्रत्येक गोष्टीपुढं ‘कशाला’ येऊन बसलं होतं. छाती सतत भरलेली असायची आणि रडूही यायचं नाही. आईनं माझे बूट पोत्यात घालून माळ्यावर टाकले. ‘‘राहू दे आता,’’ ती म्हणाली, ‘‘आता कशाला पळायचं?’’ ती रागानं बोलली नव्हती. तिच्या हातात एकच परवाना होता, तो संपला होता. तिच्या त्या ‘कशाला’पुढं माझ्याकडंही उत्तर नव्हतं, आणि नापास होण्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

एकच गोष्ट मी मागितली. तो फ्लेक्स काढा. अण्णा चौकात गेले आणि हात हलवत परत आले. फ्लेक्स ज्यांच्या हॉटेलाला टेकून होता ते चाचा अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. पण ते म्हणाले, ‘‘रहने दो ना भाई, दोपहर की धूप सीधी भट्टी पे आती थी. तुम्हारी बेटी की वजे से गिराक बैठते अब.’’ काकांकडून तर आशाच नव्हती. निवडणूक तोंडावर आलेली, आणि फ्लेक्सवर माझ्यापेक्षा ते मोठे. तेव्हा मी पहिल्यांदा बाहेर येऊन काकांवर ओरडले. लोक मला खोटारडी समजतात, म्हणाले. मी जे झालेच नाही ते तिथं लिहिलंय, म्हणाले.

काकांना ते पटलं. काका वाईट नाहीत. ते फक्त उत्साही आहेत, आणि त्यानं जास्त नुकसान होतं. ‘‘बराबर हाय तुझं,’’ ते म्हणाले, ‘‘चूक दुरुस्त करू.’’ दुसऱ्या दिवशी ते परतूरला जाऊन एकाच शब्दाची पट्टी छापून घेऊन आले. ‘पूर्व.’ लाल अक्षरात, ठसठशीत. ती चिकटवायची होती खालच्या ओळीत, ‘परीक्षा’च्या आधी. पण खालच्या ओळीत ‘परीक्षा’च्या आधी काकांच्या एका खास शुभेच्छुकाचा चेहरा होता आणि शेवटी खुद्द काकांचा. मोकळी जागा होती ती वरच्या ओळीच्या सुरुवातीला. काकांनी शिडी लावून स्वतःच्या हातानं पट्टी तिथं चिकटवली.

आता वाचा. ‘पूर्व पोलीस उपनिरीक्षक.’

मराठीत आपण माजी म्हणतो, पण आमच्याकडं निम्मं गाव बातम्या हिंदीत बघतं. पूर्व मंत्री, पूर्व विधायक. चाचांनी चहाची किटली खाली ठेवून वर पाहिलं आणि अण्णांना विचारलं, ‘‘पूर्व मतलब? पैले थी, अब नै?’’ झालं. आठवडी बाजाराला आलेल्या लोकांनी ते वाचलं, पुढच्या गावात सांगितलं, आणि मी लागायच्या आधीच नोकरीवरून निघाले. कुणी म्हणालं राजीनामा दिला. कुणी म्हणालं सस्पेंड झाली, वरच्या साहेबाशी वाजलं. नापास झालेल्या पोरीची कीव करणारे लोक सस्पेंड झालेल्या मॅडमला घाबरून नमस्कार करायला लागले. अण्णांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण कुणाला ऐकायचं नव्हतं.

त्याच दिवसांत आईनं स्थळं बघायला सुरुवात केली. पोरगी भिंतीकडं तोंड करून बसली की आमच्याकडं दोनच उपाय असतात. जांब समर्थला जाऊन अंगारा आणायचा आणि लग्न करून द्यायचं. अंगारा लावून झाला होता.

अंबडकडून पाहुणे आले. मुलगा, मुलाचे आईवडील आणि बोलायला मामा. आमच्या गावात येणारा पाहुणा आधी चौकात चहा पितो आणि मुलीची चौकशी करतो, घर नंतर विचारतो. हे लोक माझ्याच सावलीत बसून चहा प्यायले होते. घरात आले तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर सगळं कळल्याचे भाव होते.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. नाव, शिक्षण, मामेकूळ झालं. मग मामांनी पोह्याचा घास गिळला आणि अण्णांकडं झुकून हळूच विचारलं, ‘‘मंग नोकरी काऊन सोडली म्हनायची?’’

‘‘कोनती नोकरी?’’ अण्णा म्हणाले.

‘‘पोलीसची हो. चौकात लिहेल हाय ना, पूर्व.’’

अण्णांनी तोंड उघडलं, पण मामांनी हातानं थांबवलं. मोठ्या मनाचा माणूस. ‘‘आमचं काही म्हननं न्हाई. खात्यात व्हत असतं वर-खाली. समजा, काही खाल्लं-प्यालं असंल, तरी आज कोन खात न्हाई? फक्त केस चालू नसावी. कोर्टाचा खर्चा लई बेकार.’’

आईचा चेहरा पांढरा पडला होता. मुलगा माझ्याकडं जरा आदरानं बघत होता, म्हणजे मी खाल्लेलं त्याला पटलेलं दिसत होतं. मामा माझ्याकडं वळले. ‘‘शेवटची पोस्टिंग कुठं व्हती मॅडम?’’

मी खाली मान घालून बसावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. माझीही होती. पण तोंडातून निघून गेलं, ‘‘चौकात. अजून तिथंच हाय.’’

आधी अण्णांच्या नाकातून आवाज आला. मग त्यांच्या हातातली बशी हिंदकळली, चहा धोतरावर सांडला, आणि अण्णा हसायला लागले. निकाल लागल्यापासून हा माणूस हसला नव्हता. निकालाबद्दल माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, नुसता रोज सकाळी माझ्या दारापर्यंत येऊन परत जायचा. आता तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. त्यांना बघून मला राहवेना. ट्रे खाली ठेवून मी अशी हसले की पोट दुखायला लागलं, आणि हसता हसता इतक्या दिवसांचं अडकलेलं रडूही येऊन गेलं. न कळता मामाही हसले. ‘कळवतो’ म्हणून पाहुणे उठले. अजून कळवत आहेत.

आईनं त्या दिवशी मला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण रात्री मला भूक लागली.

सकाळी मी माळ्यावरून पोतं काढलं. बुटात उंदरानं शेंगांची टरफलं साठवून ठेवली होती, ती झटकली. आई चुलीपुढं होती.

‘‘कुठं चालली?’’

‘‘पळायला.’’

‘‘काऊन? आता कशाची भरती हाय?’’

‘‘कशाचीच न्हाई.’’

‘‘लोकाला काय सांगू मी?’’

मी बुटात पाय घातले. ती माझ्याकडं पाठ करून भाकरी थापायला लागली आणि मी निघाले. आतापर्यंत मी चौक टाळून मागच्या बोळानं ये-जा करत होते. त्या दिवशी चौकातून गेले. ती तिथं उभी होती, टोपी घालून, त्या परक्या खांद्यांवर माझं तोंड घेऊन, वरती लाल ‘पूर्व’. निकालापासून मला तिची लाज वाटत आली होती. आता जवळून पाहिलं तर कीव आली. बिचारी कधीची एका जागी उभी होती.

नव्यानं सुरुवात वगैरे जे म्हणतात ते व्हिडिओत फार सुंदर दिसतं. मागं बासरी वाजते. माझ्या मागं एक कुत्रं लागलं. नाल्याच्या पुलापर्यंत कशीबशी पोचले, कठड्याला धरून मी ओकले आणि चालत घरी आले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पूल ओलांडून पुढं जायला बरेच दिवस लागले. ज्या सकाळी पायांना जुनी लय सापडली, त्या सकाळी कापसाच्या त्या रस्त्यावर मी एकटीच मोठ्यानं ‘हाय!’ म्हणाले. काय आहे, ते माहीत नव्हतं. पण होतं.

गाव मात्र कामाला लागलं. मोटारसायकली माझ्याशेजारी हळू व्हायच्या. ‘‘मॅडम, नवी जाहिरात निघाली का?’’ नाही म्हटलं की, ‘‘मंग?’’ मंग काही नाही म्हटलं की गाडीवाल्याचा चेहरा असा व्हायचा की आता हा घसरून पडतो. कारणाशिवाय पळणारी बाई गावाला पचेना. म्हणून गावानं स्वतःच कारणं शोधली. कुणी म्हणालं नवस आहे. कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झालाय. शेवटी बहुमत शुगरवर पडलं. एवढ्या तरण्या वयात शुगर झाली, डॉक्टरनं पळायला सांगितलंय. शुगरला आमच्याकडं मान आहे, ती चांगल्या घरातही होते. बाया मला वाटेत थांबवून कारल्याचा रस सुचवायला लागल्या. काका म्हणाले, मॅरेथॉनची तयारी म्हणून सांग, छोटासा फ्लेक्स करू. मी हात जोडले. चाचा तेवढे काही बोलले नाहीत. मी समोरून गेले की किटलीवरचं फडकं हलवायचे आणि पुन्हा दूध ढवळायला लागायचे.

आई मला अडवत नव्हती, पण भाकरीही पुढ्यात सरकवून द्यायची, हातात द्यायची नाही. तिच्यावर काय वेळ आली होती ते मला दिसत होतं. चार बायांत तिला रोज उभं राहावं लागत होतं, आणि मी तिच्या हातात सांगायला काहीच ठेवलं नव्हतं. ती शुगर म्हणाली असती तरी मी तिला काही म्हणणार नव्हते.

एका सकाळी मी परत येत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नळ आहे. पाणी आलं होतं, घागरींची रांग होती आणि आई आपल्या घागरीजवळ उभी होती. बुटाची नाडी सुटली म्हणून मी अलीकडंच भिंतीच्या आडोशाला वाकले, तेवढ्यात शेजारच्या काकूंचा आवाज आला.

‘‘शुगर किती निघाली वं तुमच्या पोरीची?’’

मी नाडी हातात धरून तशीच थांबले.

‘‘शुगर न्हाई तिला,’’ आई म्हणाली.

‘‘मंग काऊन पळून राह्यली?’’

आई खाकरली. मला वाटलं आता नवस तरी म्हणेल.

‘‘तिला पळू वाटतं.’’

काकू पुढच्या वाक्याची वाट बघत राहिल्या. बाकीच्या बायाही. मीसुद्धा, खरं तर. आमच्या गल्लीत बायकांच्या बाबतीत डॉक्टरनं सांगितलं, नवऱ्याला आवडतं, देवाचं आहे, लेकरासाठी आहे, अशी सगळी कारणं मी आजवर ऐकली होती. एखाद्या बाईला काही वाटतं, म्हणून ती ते करते, हे कारण त्या नळावर पहिल्यांदाच कुणी दिलं होतं. आणि ते माझ्या आईनं दिलं होतं, जिला स्वतःला काय वाटतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

‘‘मंग?’’ काकूंनी शेवटी विचारलं.

‘‘मंग काय? पळती.’’

तिनं भरलेली घागर उचलून कमरेवर घेतली, वळली, आणि भिंतीशी वाकलेली मी तिला दिसले. घामेजलेली, नाडी हातात. बायाही बघायला लागल्या. आईच्या कपाळाला आठी पडली.

‘‘थांबली काऊन?’’ ती म्हणाली.